पूजेला बसलेले चष्मे

आमच्या निपाणीच्या घरात सकाळी पहिला आवाज यायचा तो शिंकेचा. कोंबडा नंतर, बस्तीतली, म्हणजे आमच्या जैन मंदिरातली, घंटा त्याच्याही नंतर. घराच्या मागच्या अंगाला आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तंबाखूची वखार होती आणि हंगामात तिथली धूळ पत्र्याच्या फटींतून, खिडक्यांच्या झडपांतून, कपड्यांच्या घड्यांतून घरभर फिरायची. आण्णा अंथरुणातच सलग शिंकायचे आणि मग मोठ्या समाधानानं उठून बसायचे. पाहुण्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं की कौतुकानं सांगायचे, "आमच्या घरात सर्दी टिकत न्हाय बघा." वखारीत बायका नाकातोंडाला पदर गुंडाळून दिवसभर तंबाखू चाळायच्या. कामगार खात्याचा साहेब येणार असला की आण्णा कपाटातली एक पेटी उघडायचे आणि तिच्यातून नाडीची पांढरीशुभ्र फडकी निघायची. साहेब असेपर्यंत फडकी बायकांच्या तोंडावर, साहेब चहा पिऊन गेला की परत पेटीत, वर डांबराच्या गोळ्या. "लई वापरली तर खराब व्हतील की," आण्णा म्हणायचे. हे वाक्य मी पुढं आयुष्यभर वेगवेगळ्या शिकलेल्या तोंडांतून ऐकत आले. आण्णांवर माझा जीव होता, पण या बाबतीत ते पक्के ढोंगी होते, आणि आता या वयात ते लिहायला मला काही वाटत नाही.

आईला आम्ही सगळे आक्का म्हणायचो, कारण काका मंडळी तसं म्हणायची. आक्काचा कारभार आण्णांच्या बरोबर उलटा. तिच्या स्वयंपाकघरात सोवळ्याचा कायदा होता आणि त्याला कोर्टकचेरी नव्हती. स्वयंपाकाचं लुगडं वेगळं, ते वाळत घालायची काठी वेगळी, त्या काठीला हात लावायची परवानगी फक्त तिला. सकाळी दुहेरी फडक्यातून पाणी गाळायचं, उकळायचं, तांब्याच्या घागरीत झाकून ठेवायचं. शाळेच्या कपड्यांनी कोणी उंबऱ्याच्या आत पाय टाकला की आतून आवाज यायचा, "मुट्टबेडा!" शिवू नको. रागावली की तिला कानडीच सुचायचं. जोंधळ्याची भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, दही असं ताट दिवस मावळायच्या आत समोर यायचं आणि ते जेवताना तिचा हात आपल्या हाताला लागणार नाही अशा बेतानं ती वाढायची. कांदालसूण घरात नाहीच. मला हे सगळं तेव्हा शुद्ध वेडेपण वाटायचं आणि आजही बरंचसं तसंच वाटतं. पण आत घालायचा कपडा बाहेर न्यायचा नाही आणि बाहेरचा आत आणायचा नाही, एवढी एक गोष्ट त्या घरात झोपेतसुद्धा कोणी चुकत नव्हतं.

मी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलं तेव्हा घरात आनंद झाला तो रसायनशास्त्राचा नव्हे, एप्रनचा. पांढरा एप्रन घातलेली मुलगी म्हणजे जवळजवळ डॉक्टरीण. आमच्या शिंप्यानं एप्रन कधी पाहिला नव्हता, म्हणून त्यानं आण्णांच्या कोटाचं माप काढलं, टेरिकॉट घेतलं आणि वर चुण्यांचे खिसे लावून दिले. टेरिकॉट आगीजवळ गेलं तर अंगाला चिकटतं हे मला कोणी सांगितलं नाही, कारण ते कोणाला माहीतच नव्हतं, प्राध्यापकांना धरून. आत्यानं मला तो घालून स्टुडिओत नेलं आणि हातात एक रिकामी फुलदाणी देऊन फोटो काढला. तो फोटो पुढं स्थळांना दाखवला जायचा. फुलदाणी कशाला, असं एका मुलाकडच्यांनी विचारलं, तेव्हा आत्या म्हणाली, "ते अ‍ॅसिडचं भांडं हाय."

आक्काला मात्र एप्रन पहिल्या दिवसापासून आवडला नाही. कॉलेजात बेडूक कापतात एवढं तिच्या कानावर आलं होतं, आणि एप्रन घालूनच कापतात असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं. मी प्राणिशास्त्र घेतलेलंच नाही हे मी दहादा सांगितलं. काही उपयोग झाला नाही. एप्रन गोठ्यातल्या खुंटीवर टांगायचा, तिथंच हात साबणानं धुवायचे, वेगळ्या बादलीत तो भिजवायचा आणि मगच उंबरा ओलांडायचा, असा हुकूम निघाला. त्यामुळं झालं असं, की अख्ख्या कॉलेजात रसायनांचा कपडा नियमाप्रमाणे घराबाहेर ठेवणारी मी एकटी होते, आणि तेही एका न कापलेल्या बेडकापायी.

आमच्या विभागप्रमुखांना सगळे हेडसर म्हणायचे. नाव सांगत नाही, त्यांची मुलगी मला अजून दिवाळीला फोन करते. हेडसर एप्रन घालूनच घरून निघायचे, एप्रन घालूनच बाजारात भाजी घ्यायचे, आणि कॉलेजच्या कँटीनमध्ये त्याच एप्रनच्या बाहीनं तोंड पुसायचे. त्या बाहीवर नायट्रिकचे पिवळे डाग असत आणि त्यावर भज्यांचं तेल. प्रयोगशाळेत रबरी हातमोज्यांची एकच जोडी होती, वीजमंडळाच्या माणसांकडं असते तसली काळी जाड. ती हेडसर तपासणीच्या दिवशी घालायचे आणि त्याच हातानं दाराची कडी, खडू, हजेरी आणि पाहुण्यांची बिस्किटं हाताळायचे. आक्कानं त्यांना तिच्या उंबऱ्यावर अर्धं मिनिटसुद्धा उभं केलं नसतं. वर्गात मात्र ते सुरक्षिततेवर तासभर बोलायचे. "विद्यार्थिनींनी वेण्या बांधाव्यात, सैल पदर खोचावा, आणि मन शुद्ध असावं." मन शुद्ध असल्यानं अ‍ॅसिड कसं थांबतं, हे त्यांनी शेवटपर्यंत उलगडून सांगितलं नाही.

माझ्या टेबलावर माझी जोडीदार होती सुजाता. तिची आई हौसाबाई आमच्याच वखारीत तंबाखू चाळायची. म्हणजे त्या पेटीतली फडकी तोंडाला बांधून साहेबासमोर बसणाऱ्यांत तीही होती, आणि सुजाताला ते माहीत होतं. पहिल्या आठवड्यातच तिनं मला ते तोंडावर सांगितलं आणि वर म्हणाली, "तुझा न्हाय गं दोष. पर तू म्हाईत नसल्यागत करू नगो." त्यानंतर आमची दोस्ती झाली. वाचनालयाच्या मागच्या पायरीवर मी तिच्या डब्यातली लसणाची चटणी खायची आणि ती माझ्या तांब्यातलं पाणी प्यायची. फिरकीच्या झाकणाचा तो स्टीलचा तांब्या आक्का रोज गाळीव पाण्यानं भरून द्यायची, कारण कॉलेजच्या टाकीतलं पाणी प्यायला तिची बंदी. पोरं त्या तांब्याला हसायची. सुजाता हसत नव्हती, तिला ते पाणी गोड लागायचं. तिला एम.एस्सी. करायचं होतं, मोठ्या प्रयोगशाळेत नोकरी करायची होती, आणि तिचे डोळे असे होते की ब्युरेटमधलं पाणी कुठल्या रेघेवर आहे हे ती लांबून सांगायची. मला त्या डोळ्यांचा हेवा वाटायचा.

त्या पावसाळ्यात विद्यापीठाची समिती आली आणि प्रयोगशाळेत संरक्षक चष्मे नाहीत असा शेरा मारून गेली. हेडसरांनी बेळगावहून चष्मे मागवले. प्लास्टिकचे, बाजूनं बंद, मागं रबरी पट्टा. ते आले, काचेच्या कपाटात मांडले गेले, आणि कुलूप लागलं. सुजातानं दुसऱ्याच दिवशी मागितले. आदल्या महिन्यात एका मुलाची नळी फुटून त्याच्या कपाळाला लागलं होतं, ते तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. हेडसर तिच्याकडं अशा नजरेनं बघत राहिले, की तिनं जणू त्यांचं घड्याळ मागितलं.

"नवी वस्तू आहे बाळ," ते म्हणाले. "अशी एकदम वापरात काढायची नसते. खंडेनवमीला पूजा होऊ दे, मग सगळ्यांना देऊ."

"सर, तवर सोडियमचं प्रॅक्टिकल हाय की."

"तोवर जपून करा."

प्रयोगशाळेचा शिपाई कल्लाप्पा शेजारी उभा होता. त्यानं मान डोलावली आणि सांगितलं, की त्याच्या मेव्हण्यानं पूजा न करता मोटारसायकल काढली आणि संकेश्वरच्या नाक्यावर ती बंद पडली. झालं, शास्त्रीय पुरावा मिळाला. बाहेरच्या माणसाला हे पटणार नाही. पण आमच्या भागात नवा ट्रॅक्टर पूजेआधी शेतात जात नाही, नवा तराजू पूजेआधी पेढीवर चढत नाही, आणि या रांगेत रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या माणसानं डोळ्यांवर घालायचे चष्मे बसवले. त्यांनी वर तोंड करून समितीला कळवलंसुद्धा असेल, की चष्मे उपलब्ध आहेत. खोटं नव्हतं ते. उपलब्ध होतेच.

खंडेनवमीला सुट्टी असल्यामुळं कॉलेजात पूजा आदल्या दिवशी व्हायची. कल्लाप्पानं पहाटे येऊन सगळी प्रयोगशाळा धुवून काढली, टेबलं, फरशी, मोरी, जिना. मधल्या लांब टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर तराजू, ब्युरेटी, एक बुनसेन बर्नर, आणि खाली तोटी असलेली ऊर्ध्वपातित पाण्याची मोठी काचेची बरणी. बरणीच्या गळ्यात झेंडूची माळ, पोटावर हळदीकुंकवाची बोटं. पुढं पितळी ताटात सगळे चष्मे, आणि प्रत्येक चष्म्याच्या काचेवर बरोबर मधोमध कुंकवाचा टिळा, म्हणजे कोणी घातलाच तर त्याला समोरचं काही दिसू नये. हेडसरांनी रेशमी धोतर नेसलं होतं आणि वर एप्रन घातला होता. आरती झाली, प्रसाद झाला, सगळ्यांनी हात जोडले. सुजाता दाराशी हात मागं बांधून उभी राहिली. तिच्या घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता आणि असल्या पूजेला हात जोडायचे नाहीत हे तिनं लहानपणीच ठरवलेलं होतं. तिनं गडबड केली नाही, कोणाला हटकलं नाही. पण हेडसरांनी ते पाहिलं.

आमची बॅच अभ्यासक्रमात मागं पडली होती, म्हणून दुपारी प्रॅक्टिकल ठेवलं. सोडियमचंच. ज्यांनी ते केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बारीक काचनळीत सोडियमचा डाळीएवढा तुकडा तापवायचा, त्यात तपासायचा पदार्थ टाकायचा, नळी लालभडक करायची आणि एकदम बशीतल्या घोटभर पाण्यात बुडवायची. नळी फुटते, फुटायलाच पाहिजे. वर जाळी झाकायची. तुकडा लहान असेल तर नुसतं चर्र होतं. मोठा असेल आणि थोडा शिल्लक राहिला असेल, तर पाण्याला लागल्याबरोबर पेटतो आणि कॉस्टिक सोड्याचं जळजळीत पाणी सगळीकडं उडतं. म्हणून डोळ्यांवर चष्मा. दुसरं काही कारण नाही, देवाधर्माचा संबंध नाही. सुजातानं कल्लाप्पाला शेवटचं विचारलं.

"कल्लाप्पा मामा, पूजा झाली न्हवं आता? द्या की चष्मं."

"आता तर अजाबात न्हाय," कल्लाप्पा म्हणाला. "पूजेला बसल्यात त्येनी. सुट्टी संपल्यावर उठवायचं, मग हात लावायचा."

म्हणजे पूजा व्हायच्या आधी द्यायचे नव्हते, कारण पूजा झाली नव्हती, आणि झाल्यावर द्यायचे नव्हते, कारण झाली होती. हेडसर खुर्चीत बसून प्रसादाचा शिरा खात होते. त्यांनी हे ऐकलं आणि मान हलवली. कल्लाप्पाला घरी जायची घाई होती. सुट्टीच्या आधी सोडियमची बाटली रिकामी करून टाकावी म्हणून त्यानं तुकडे जाडजूड कापले होते आणि एक एक आमच्या फिल्टर पेपरवर ठेवत गेला. सुजातानं तिचा तुकडा पाहिला, म्हणाली मोठा आहे, आणि चाकू मागितला. चाकू धुवून पूजेत ठेवला होता.

नळी बुडवताना ती मान मागं घेऊन उभी होती. जाळी तिच्या डाव्या हातात तयार होती. आवाज झाला तो फटाक्यासारखा नव्हता, जाड कापड फाडल्यासारखा होता. पिवळी ज्वाळा उठली, बशी दोन तुकडे होऊन टेबलावर पडली, आणि सुजाता खाली बसली. ती ओरडली नाही. तळहात डाव्या डोळ्यावर दाबून एवढंच म्हणाली, "पद्मे, पाणी."

मी नळाकडं धावले. नळ सोडला तर हवा आली. दुसरा सोडला, तिसरा सोडला. टाकीतलं सगळं पाणी सकाळी देवाच्या स्वागताला फरशीवर गेलं होतं. कॉस्टिक डोळ्यात गेलं की ते थांबत नाही, आत आत शिरत जातं, हे आम्हाला पुस्तकात होतं आणि हेडसरांनी स्वतः शिकवलं होतं. त्या खोलीत डोळा धुण्याइतकं पाणी एकाच ठिकाणी होतं, माळ घातलेल्या बरणीत. मी तिच्याकडं वळले तेव्हा हेडसर खुर्चीतून उठले आणि मला वाटलं, चला, आता हा माणूस मदत करेल. ते टेबलापाशी आले आणि त्यांनी दोन्ही हात आडवे पसरले.

"थांब थांब. अशी कशी उठवतेस? अक्षता टाकू दे आधी."

आणि ते खरोखर अक्षता शोधायला लागले. वाटीत नव्हत्या, सकाळी वाहून झाल्या होत्या. "कल्लाप्पा, तांदूळ बघ रे," असं म्हणाले. कल्लाप्पा तांदूळ बघायला गेला. माझ्या मैत्रिणीचा डोळा जळत होता आणि दोन पुरुष तांदूळ शोधत होते. मी आजही डोळे मिटले तर ते दोन वाकलेले पाठमोरे देह मला दिसतात. एवढी किळस मला पुढं कुठल्याही रसायनाची आली नाही.

मी माळ ओढून तोडली. बरणी जड होती. ओढत टेबलाच्या कडेला आणली, सुजाताला फरशीवर उताणी निजवलं, बोटांनी तिच्या पापण्या फाकवल्या आणि तोटी सोडली. तिनं मान हिसडली, मी गुडघ्यानं तिचा खांदा दाबून धरला. कुंकवाचं पाणी माझ्या एप्रनवरून ओघळत होतं आणि ते रक्त आहे असं वाटून एक मुलगा चक्कर येऊन पडला. त्याला मात्र लगेच तिघांनी उचललं. मागून कल्लाप्पा म्हणत होता, "मोडली की ओ पूजा, मोडली." बरणी संपेपर्यंत मी तोटी बंद केली नाही. मग माझा तांब्या घेतला. मी रडत होते आणि शिव्या देत होते, आण्णांच्या वखारीत ऐकलेल्या सगळ्या.

संस्थेची जीप आली. कोल्हापूर जवळ होतं, पण हेडसरांनी जीप बेळगावकडं घ्यायला लावली, कारण त्यांचे साडू तिथं डोळ्यांचे डॉक्टर होते आणि गोष्ट घरातल्या घरात राहिली असती. मागच्या बाकड्यावर सुजाताचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी थोडं थोडं पाणी सोडत होते. संकेश्वरला हेडसरांनी गाडी थांबवली. मला वाटलं पाण्यासाठी. ते टेलिफोन करायला उतरले होते, प्राचार्यांना सांगायला, की काही विशेष नाही. कारखान्याच्या मळीचा वास सगळीकडं भरला होता. मी हॉटेलात शिरून माठातलं, न गाळलेलं पाणी तांब्यात भरून घेतलं आणि परत आले, तरी हे फोनवर हसतच होते.

"पद्मे," सुजाता म्हणाली, "ह्या डोळ्यानं दिसंना गं."

"दिसंल. बोलू नगो."

"दिसलं न्हाय तर मला त्ये ब्युरेट कसं वाचाय येणार?"

मी तांब्या पुन्हा तिच्या डोळ्यावर कलता केला. त्या वेळी मला हेडसरांना जीपखाली घालावंसं वाटत होतं, हे मी अगदी शांतपणे लिहिते आहे.

साडू माणूस बरा निघाला. त्यांनी डोळा तपासला, पुन्हा बराच वेळ धुतला, आणि मला विचारलं, किती वेळात पाणी घातलंस? मी म्हटलं, अक्षता सापडायच्या आत. त्यांना काही कळलं नाही. डोळा राहिला, पण बुबुळावर फूल पडलं. उजेड कळायचा, माणूस कळायचा, बारीक रेघ मात्र त्या डोळ्याला पुन्हा कधी दिसली नाही.

सुट्टीनंतर कॉलेज उघडल्यावर तिसऱ्या दिवशी हौसाबाई प्रयोगशाळेच्या दारात आली, कामावरूनच, केसांत तंबाखूची धूळ. हेडसरांनी तिला बसायला सांगितलं नाही. शिक्षकांच्या खोलीत ते दोन दिवस जे बोलत होते तेच त्यांनी तिला ऐकवलं, आवाज मऊ करून. "सगळ्यांनी हात जोडले होते हो बाई. तुमच्या मुलीनंच तेवढे जोडले नाहीत. आता काय म्हणायचं?" रसायनशास्त्राचा विभागप्रमुख! सोडियम हात जोडलेत का ते बघून पेटतं, असं त्याचं म्हणणं होतं.

हौसाबाईनं पदरानं केसांतली धूळ झटकली. मग म्हणाली, "तुमी तर दोन्ही हात जोडलं हुतं न्हवं सर? मग पोरगी जळताना तुमच्या हातास्नी काय झालतं?" एवढं बोलून ती गेली. तिचा दिवस बुडाला होता. आण्णांनी तो कापला नाही, आणि कापला नाही हे घरी चारदा सांगितलं. मी त्या दिवशी गोठ्यात एप्रन टांगला आणि तसंच वखारीत जाऊन ती पेटी उघडली, सगळी फडकी बायकांत वाटून टाकली. आण्णा पाठोपाठ आले, शिंकले, आणि परत गेले.

सुजातानं एम.एस्सी. केलं, एका डोळ्यानं. सरकारी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत लागली, चढत चढत प्रमुख झाली. मी बेळगावात शिकवलं आणि निवृत्त झाले. आता आम्ही दोघी टिळकवाडीत राहतो, एका रस्त्याच्या दोन टोकांना, आणि संध्याकाळी एकमेकींच्या डब्यातलं खातो. दर खंडेनवमीला माझ्या फोनवर जुन्या विद्यार्थ्यांचे फोटो येतात. प्रयोगशाळा नव्या, यंत्रं लाखांची, आणि चष्मे कुठं, तर डोक्यावर, सिनेमातल्या नटीसारखे वर सरकवलेले. हातमोजे घालून फोन धरलेले असतात, त्याच बोटांनी फोटो पाठवलेले असतात. डोळ्यांवर चष्मा असलेला फोटो मी अजून शोधते आहे.

गेल्या वर्षी आमच्या त्या कॉलेजनं नवी प्रयोगशाळा बांधली आणि उद्घाटनाला माजी विद्यार्थिनी म्हणून सुजाताला बोलावलं. दिवस नेमका पूजेचा. मी म्हटलं, कशाला जातेस? ती म्हणाली, "मला बघायचंय, चष्मं कुठं हायत ते." मलाही बरोबर नेलं. विभागप्रमुख आता जुन्या हेडसरांचाच विद्यार्थी आहे, परदेशी जाऊन आलेला, इंग्रजीत बोलणारा. भिंतीवर डोळे धुवायचा नवाकोरा नळ होता, त्याला झेंडूची माळ होती. मधल्या टेबलावर पांढरी चादर, ताट, आणि ताटात चष्मे. हल्लीचे चांगले असतात, हलके, स्वच्छ. प्रत्येक काचेवर बरोबर मधोमध कुंकू. टेबलाच्या पलीकडं पांढऱ्या एप्रनमधल्या मुली रांगेत उभ्या होत्या, उघड्या डोळ्यांनी, आणि त्यांच्यासमोर प्रात्यक्षिकासाठी बर्नर पेटवून ठेवलेले होते.

"मॅडम, आपल्या हस्ते नारळ," नवे हेडसर म्हणाले.

"नारळ तुम्ही फोडा," सुजाता म्हणाली. "मला ह्या मुलींना चष्मे द्यायचे आहेत."

ते गोड हसले. "देऊ की मॅडम. आता पूजेला बसलेत ना. एकदा उठवले की..."

सुजातानं मान वळवली. ती आता कोणाकडं बघायचं असलं तर चांगला डोळा पुढं यावा म्हणून सगळी मान वळवते. दुसऱ्या रांगेत मी बसले होते.

"पद्मे, ऊठ गं," ती भर सभेत म्हणाली. "पूजा उठवायची हाय. तुला सवय हाय."

लोक हसले, त्यांना काही माहीत नव्हतं. मी उठले. गुडघा दुखतो, त्यामुळं सावकाश गेले. माळ बाजूला केली, ताट ओढून घेतलं, आणि पदरानं पहिल्या चष्म्याचं कुंकू पुसायला लागले. प्लास्टिकवरून ते लवकर जात नाही, खरडावं लागतं. सुजाता माझ्या हातून एकेक चष्मा घेऊन एकेका मुलीच्या डोळ्यांवर चढवत होती, मागचा पट्टा नीट बसला का ते बोटानं चाचपत होती. तिसऱ्या की चौथ्या मुलीपाशी मी सहज मान वर केली. नवे हेडसर टेबलावर वाकले होते आणि घाईघाईनं एकेक वाटी उचलून बघत होते. अक्षता शोधत होते.